अंजिराबाईंचं कॅलेंडर

दारव्ह्याहून नेरकडे जाताना
बंद पडलेला डिझेलचा पंप लागतो.
त्याची जमिनीतली टाकी किती वर्षं गळत होती
हे कुठल्याच कागदावर नाही.
पंपापासून एकशेचाळीस पावलांवर
अंजिराबाई ढोले यांची विहीर.
पावलं माझी. टेप गाडीतच विसरलो होतो.

वर काळी माती, मग चोपण,
त्याखाली पिवळा मुरूम, बोटांनी चुरता येणारा.
मी त्याला सच्छिद्र माध्यम म्हणतो,
बाई म्हणतात, पोकळ हाडाचा.

अमरावतीला खोलीत बसून
त्या मुरमाचे मी बारा हजार चौकोन पाडले.
प्रत्येकात थोडं पाणी, थोडं डिझेल,
दोघांची बेरीज एक.
(हवेला तूर्त बाहेर उभं केलं.)
छिद्र जितकं बारीक, तितकी पाण्याची पकड घट्ट.
आणि एकाच वाटेनं दोघं निघाले
तर दोघांचीही चाल मंदावते:
पाणी एकटं जेवढं धावतं, डिझेल एकटं जेवढं,
तेवढं जोडीनं दोघांपैकी कुणालाच जमत नाही.
हे फळ्यावर लिहिलं तेव्हा
मागच्या बाकावरचा, नुकतंच लग्न झालेला
कंत्राटी मास्तर मोठ्यानं हसला होता.

उत्तर आलं, तीन पावसाळे.
दर वर्षी तवंग पातळ, मग नाहीच.
छान उतरती निळी रेघ.
छापून घेतली, गुंडाळली,
दारव्ह्याच्या एसटीत मांडीवर धरून नेली.

बाईंनी रेघ पाहिली, जरा हुंगल्यासारखी,
आणि आतून दूध डेअरीचं कॅलेंडर आणलं.
एक नव्हे, चार वर्षांची चार,
एकाच खिळ्यानं भोक पडलेली.
रोज सकाळी पहिली बादली काढायची, नाक लावायचं.
वास आला तर फुली,
नाही आला तर टिंब.
बाजूला बारीक आकडा, दोर किती हात गेला त्याचा.

वैशाखभर फुल्या.
भादव्यात टिंबंच टिंबं, तीळ सांडावेत तशी.
माघ लागला की पुन्हा फुल्या.
माझ्या रेघेत यातलं काहीच नव्हतं.

"पानी खाली गेलं का तेल दिसते,
पानी चढलं का नाई दिसत.
गेलं नाई ते, बापू.
दबून बसलं हाय."

परतीच्या गाडीत खिडकीशी बसून
मला माझी चूक नीट दिसली.
पाणी उतरतं ती वाट आणि चढतं ती वाट
मी एकच धरली होती.
पण मुरूम आलेली वाट विसरत नाही.
पाणी चढताना डिझेलचा धागा तुटतो,
त्याचे मणी होतात,
मणी अरुंद गळ्यांत अडकतात
आणि चारी बाजूंनी पाणी त्यांना कोंडून धरतं.
पुस्तकात त्याला अवशिष्ट म्हणतात.
दबून बसलं, हे जास्त नेमकं आहे.

गणित पुन्हा मांडलं.
संगणक दोन रात्री अडखळला,
कालाचं पाऊल लहान, अजून लहान करत नेलं,
तेव्हा कुठे रेघ हलली:
वैशाखात वर, भादव्यात खाली,
बाईंच्या फुल्यांमागून चालणारी.
पण शेवटी ती शून्याला टेकत नाही.
शंभरात अठरा भाग तिथंच राहतात.
उपसा करा, धुवा, वाट पाहा.

हे सांगायला गेलो तेव्हा कार्तिक होता.
बाईंनी मान हलवली,
जणू निरोप आधीच पोचलेला.
बादली वर घेतली, हुंगली,
माझ्यासमोर धरली.
मला काहीच वास आला नाही.
मी पेन्सिल घेतली, टिंब देणार, तोच म्हणाल्या,
"टिंब नोको. फुली बी नोको."

मग स्वतःच त्या दिवसाच्या चौकोनात
तिरकी एक रेघ ओढली
आणि बादली तुळशीपासून लांब,
न्हाणीच्या दगडावर ओतून टाकली.